चापावरचं बोट

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या विमानविरोधी तोफांवर स्त्रिया काम करत होत्या, ही गोष्ट बऱ्याच वाचकांना ठाऊक असते. त्यांना तोफ डागण्याची मात्र परवानगी नव्हती, हे सहसा सांगितलं जात नाही. येणारं विमान हेरायचं, ते आपलं की शत्रूचं हे ओळखायचं, त्याची उंची मोजायची, आणि 'प्रेडिक्टर' नावाच्या गणनयंत्रावर गोळा फुटेल त्या क्षणी विमान नेमकं कुठे असेल हे काढून तो हिशेब तोफेकडे पाठवायचा, इथवरचं सगळं काम ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस, म्हणजे एटीएसच्या मुली करत. गोळा भरणं आणि चाप ओढणं पुरुषांकडे असे. 1942 च्या एप्रिलमध्ये साउदॅम्प्टनजवळ नोरा कॅव्हनी ही अठरा वर्षांची मुलगी प्रेडिक्टरवर असतानाच बॉम्बचा तुकडा लागून मरण पावली. तिची जागा लगेच दुसऱ्या मुलीनं घेतली. सरकारी वर्गवारीप्रमाणे या दोघीही लढणाऱ्या नव्हत्या.

या वर्गवारीचा हिशेब मांडायचा, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. युद्धकाळात सैन्यात गेलेल्या स्त्रियांबद्दल लिहिताना त्यांना लढता येतं का, हा प्रश्न बहुधा आधी घेतला जातो. त्याचं उत्तर 1941 ते 1945 या चार वर्षांत इतक्या ठिकाणी आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर मिळालं, की त्यावर आज पुन्हा वाद घालणं हा वेळेचा अपव्यय आहे. लढणारे आणि न लढणारे यांच्यामधली रेघ कुठे आखायची हे कोण ठरवतं, आणि कशाच्या आधारावर, हा खरा प्रश्न आहे. ही रेघ धोक्याच्या कडेनं आखलेली असते, असा सर्वसाधारण समज आहे. वेगवेगळ्या देशांचे अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर ती धोक्याच्या कडेनं जात नाही, शारीरिक ताकदीच्याही नाही. ती जाते पगार, हुद्दा, पदक आणि निवृत्तिवेतन यांच्या कडेनं.

ब्रिटनपासूनच पाहू. विमानविरोधी दलाचे प्रमुख जनरल फ्रेडरिक पाईल यांना माणसांचा भीषण तुटवडा होता. युद्धापूर्वीच त्यांनी कॅरोलिन हॅस्लेट या नामवंत विद्युत अभियंत्या बाईंना तोफांच्या तुकड्या दाखवून विचारलं होतं, की यातलं काय काय स्त्रियांना जमेल? जड गोळे भरणं सोडून जवळजवळ सगळं, असं त्यांचं उत्तर होतं. पहिली मिश्र तुकडी 1941 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये उभी राहिली, आणि 1943 च्या सप्टेंबरपर्यंत या दलातल्या स्त्रियांची संख्या 56,000 च्या वर गेली. पंतप्रधान चर्चिल यांची मुलगी मेरी त्यांच्यात होती. हॅस्लेटबाईंच्या उत्तराकडे नीट पाहा. त्यांनी वगळलेलं काम स्नायूंचं होतं, आणि ते वगळणं समजण्यासारखं आहे, कारण मोठ्या तोफेचा एकेक गोळा वीस किलोंच्या पुढे भरत असे. पण चाप ओढायला कसली ताकद लागते? ताकद हाच निकष असता, तर गोळे पुरुषांनी भरले असते आणि चाप एखाद्या मुलीनं ओढला असता. तसं झालं नाही, कारण तिच्या बोटानं माणूस मरणं कोणालाच सोसवत नव्हतं. शत्रूला मारायला लागणारी प्रत्येक गोष्ट स्त्रियांनी करावी, फक्त चाप ओढू नये, हा विचारातला गोंधळ आहे, असं खुद्द पाईल यांनी युद्धानंतर आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. या गोंधळाला एक व्यावहारिक बाजूही होती: एटीएसच्या मुलींचा पगार त्याच दर्जाच्या पुरुषाच्या पगाराच्या दोन तृतीयांश होता.

अमेरिकेनं हाच प्रयोग गुपचूप करून पाहिला. लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांच्या आदेशावरून 1942 च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या परिसरात विमानविरोधी तोफांवर स्त्री-पुरुषांच्या मिश्र तुकड्या नेमल्या गेल्या. निष्कर्ष स्त्रियांच्या बाजूनं इतके स्पष्ट होते, की अधिकाऱ्यांनी आणखी स्त्रिया मागितल्या. तरीही 1943 मध्ये प्रयोग बंद झाला. स्त्रियांना तोफांवर नेमायचं तर संसदेकडून कायदा बदलून घ्यावा लागला असता, तशी गरज अजून आलेली नव्हती, आणि लोकांच्या संतापाला तोंड द्यायची कोणाची तयारी नव्हती. निकाल लोकांपुढे आलाच नाही. पुढे अमेरिकेत या विषयावर जेव्हा जेव्हा वाद झाला, तेव्हा पुरावा कुठे आहे असं विचारणाऱ्यांना तो देशाच्याच कपाटात आहे हे ठाऊक नव्हतं.

त्याहून अंगावर येणारी हकिगत अमेरिकेच्या स्त्री वैमानिकांची आहे. 'वास्प' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या दलासाठी सुमारे 25,000 अर्ज आले, त्यांतून प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडल्या 1,074. त्यांनी कारखान्यातून निघालेली लढाऊ आणि बाँबफेकी विमानं तळांवर पोचवली, दुरुस्त झालेली विमानं उडवून तपासली, आणि तोफचींच्या सरावासाठी विमानामागे कापडी लक्ष्य बांधून ते ओढत नेलं. त्या लक्ष्यावर खालून खऱ्या गोळ्या झाडल्या जात. बी-29 हे नवं अवाढव्य विमान उडवायला पुरुष वैमानिक कचरत होते, तेव्हा ते सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी दोन स्त्रियांना शिकवून तळोतळी फिरवण्यात आलं. या दलातल्या 38 जणी मेल्या. पण कागदोपत्री त्या नागरी नोकर होत्या. मेलेल्या मुलीचं शव घरी पाठवण्यासाठी मैत्रिणींना वर्गणी काढावी लागली, शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचाही हक्क तिला नव्हता. त्यांना सैनिकी दर्जा देणारं विधेयक 1944 च्या जूनमध्ये प्रतिनिधिगृहात पडलं, डिसेंबरात दलच मोडलं गेलं, आणि कागदपत्रं मोहोरबंद होऊन अभिलेखागारात गेली. पुढे 1976 साली अमेरिकी हवाई दलानं घोषणा केली, की आता प्रथमच स्त्रिया सैनिकी विमानं चालवणार. पन्नाशी ओलांडलेल्या त्या वैमानिकांनी हे वाचलं आणि त्या पेटून उठल्या. पुढच्याच वर्षी त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळाला, शेवटचं उड्डाण केल्यानंतर तब्बल 33 वर्षांनी. धोका तोच होता, विमानंही तीच होती. फरक फक्त नोंदवहीतल्या रकान्याचा होता.

मग ही रेघ पुसलीच, तर काय होतं? याचं उत्तर सोव्हिएत संघानं दिलं, आणि ते इतरांपेक्षा जास्त गुंतागुंतीचं आहे, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. 1941 च्या जूनमध्ये जर्मनीनं हल्ला केला, तेव्हा भरती कचेऱ्यांसमोर रांगा लावणाऱ्या मुलींना तिथेही परतच पाठवलं गेलं. लाखोंच्या संख्येनं माणसं मेली आणि कैद झाली, त्यानंतर धोरण पालटलं. मरीना रस्कोवा ही 1938 साली अतिपूर्वेकडच्या विक्रमी उड्डाणामुळे देशभर नावाजलेली नेव्हिगेटर. तिच्या प्रयत्नांतून 1941 च्या ऑक्टोबरात स्त्रियांच्या तीन हवाई रेजिमेंट उभारण्याचा आदेश निघाला. 1942 च्या वसंतात तरुण कम्युनिस्ट संघटनेमार्फत एक लाख मुली हवाई संरक्षण दलात घेतल्या गेल्या. युद्ध संपेपर्यंत सोव्हिएत सैन्यात सेवा केलेल्या स्त्रियांची संख्या साधारण आठ लाख मानली जाते. त्यांतल्या बहुसंख्य वैद्यकीय, दळणवळण आणि विमानविरोधी दलात होत्या, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. नाहीतर आठ लाख नेमबाज आणि वैमानिक डोळ्यांपुढे उभ्या राहतात आणि चित्र खोटं होतं. पण ज्या लढाऊ पथकांत होत्या, त्यांच्याबाबत चाप कोणी ओढायचा हा प्रश्नच तिथे नव्हता.

तीन रेजिमेंटपैकी 588 वी रात्रीच्या बाँबफेकीची. तिची विमानं पोलिकार्पोव्ह पीओ-2 जातीची: लाकडी सांगाडा, वर कापड, उघडा कक्ष, ताशी जेमतेम दीडशे किलोमीटर वेग, मुळात शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेली. दिवसा उडवली असती तर एकही परत आलं नसतं. म्हणून रात्री, लक्ष्याजवळ आल्यावर इंजिन मंद करून, घसरत खाली येऊन बाँब टाकायचे आणि परत जाऊन पुन्हा भरून यायचं, एका रात्रीत आठ-दहा वेळा. युद्धाची बरीच वर्षं वजन वाचवण्यासाठी पॅराशूटही सोबत नसे. वैमानिक, नेव्हिगेटर, मेकॅनिक, बाँब बसवणाऱ्या, सगळ्या स्त्रिया, आणि येवदोकिया बेर्शान्स्कायाच्या हाताखाली हे पथक अखेरपर्यंत तसंच राहिलं. त्यांनी 23,000 हून जास्त उड्डाणं केली. रेजिमेंटला 'गार्ड्‌स' हा मानाचा दर्जा मिळाला आणि तिच्यातल्या 23 जणींना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा सर्वोच्च किताब. जमिनीवर, मॉस्कोजवळ पोदोल्स्कला 1943 साली स्त्री नेमबाजांची मध्यवर्ती शाळा निघाली. तिनं हजारावर नेमबाज आघाडीवर पाठवल्या. ल्युदमिला पावलिचेन्को त्याआधीची. कीव विद्यापीठात इतिहास शिकणारी ही मुलगी ओदेसा आणि सेवास्तोपोलच्या लढायांत उतरली. तिच्या नावावर अधिकृत नोंद आहे 309 बळींची. 1942 साली तिला अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवलं, तेव्हा तिथल्या पत्रकारांनी तिला सौंदर्यप्रसाधनांबद्दल आणि गणवेशाच्या घागऱ्याच्या लांबीबद्दल विचारलं.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो पदकांचा एक सरकारी आदेश. 1941 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संरक्षण खात्यानं ठरवलं, की गोळीबारातून जखमींना त्यांच्या शस्त्रांसह बाहेर काढणाऱ्या वैद्यकीय सैनिकांना पदकं द्यायची: 15 जखमींना एक पदक, आणखी जखमींना वरचे सन्मान, 80 जखमींना 'ऑर्डर ऑफ लेनिन'. रणांगणावर सरपटत जाऊन आपल्या दीडपट वजनाचा माणूस बंदुकीसह ओढून आणणं ही लढाईच आहे, हे त्या राज्यानं मान्य केलं आणि त्याचं मोजमापही ठरवलं. हे काम करणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. ब्रिटन-अमेरिकेत त्याच कामाला सेवा म्हटलं गेलं असतं.

पण युद्ध संपलं, आणि पुसलेली रेघ तिथेही नव्यानं आखली गेली. 588 वी रेजिमेंट 1945 च्या ऑक्टोबरात विसर्जित झाली. लढाऊ पथकांतल्या स्त्रियांना घरी पाठवण्यात आलं आणि सैनिकी अकादमींची दारं त्यांना बंद झाली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये राष्ट्रप्रमुखपदावरचे मिखाईल कालिनिन परतणाऱ्या मुलींपुढे बोलले. हाती शस्त्र घेऊन तुम्ही बरोबरी मिळवली आहे, हे त्यांनी मान्य केलं, पण आपल्या सेवेबद्दल स्वतः बोलू नका, इतरांना बोलू द्या, असा सल्ला दिला. इतर जे बोलायचं ते बोलले. आघाडीवरून आलेली मुलगी म्हणजे कोणा अधिकाऱ्याची 'आघाडीवरची बायको' असणार, ही कुजबुज गावोगाव पसरली, आणि अनेकींनी पदकं पेटीत टाकून आपण सैन्यात होतो हेच लपवलं. त्यांतल्या काहींवर वरिष्ठांनी खरोखर बळजबरी केली होती, आणि त्याचाही कलंक त्यांच्याच माथी आला. लिदिया लित्व्याक ही लढाऊ वैमानिक 1943 च्या ऑगस्टमध्ये, एकवीस वर्षांची असताना, उड्डाणावरून परतली नाही. शव सापडलं नाही म्हणून ती शत्रूच्या हाती लागली असावी असा संशय राहिला. तिला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला 1990 साली. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी या बायकांना शोधून त्यांच्या तोंडून युद्ध ऐकलं. ते पुस्तक 1985 मध्ये छापलं गेलं, तेही सेन्सॉरच्या कात्रीखालून जाऊन. ज्या देशानं सर्वांत जास्त स्त्रियांना रणांगणावर पाठवलं, त्याला त्यांचं म्हणणं ऐकायला चाळीस वर्षं लागली.

यावर पहिला आक्षेप असा, की सोव्हिएत उदाहरण हा निरुपाय होता. देश बुडत असताना जे केलं, तो नियम कसा होईल? निरुपाय होता हे खरंच. पण निरुपायानं फक्त दार उघडलं. आत गेल्यावर कोणी काय केलं, याची नोंद निरुपायातून येत नाही. शिवाय अठरा वर्षांच्या मुलांनाही कोणी आवडीनं खंदकात पाठवत नाही. सक्तीची भरती हा सगळ्यांच्याच बाबतीत निरुपायाचा कायदा असतो, मग मुलांच्या कामगिरीला तो अपवाद का लागत नाही?

दुसरा आक्षेप ताकदीचा, आणि तो हलक्यानं घेण्यासारखा नाही. पाठीवर तीस-चाळीस किलो घेऊन डोंगर चढणाऱ्या पायदळात सरासरी पुरुषाच्या आणि सरासरी स्त्रीच्या ताकदीतला फरक पडतोच. प्रामाणिक मार्ग एकच: कामाला लागणारी पात्रता आधी ठरवावी, ती सर्वांना सारखी लावावी, आणि जो किंवा जी उतरेल त्याला किंवा तिला घ्यावं. त्यात स्त्रिया कमी उतरल्या तर कमी उतरतील. पण ताकदीचं कारण सांगणारे बहुतेक देश ते पायदळापुरतं ठेवत नाहीत. त्याच कारणानं वैमानिकाची जागा, तोफेचा चाप आणि हाताखाली तुकडी देणंही नाकारतात.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण तो स्त्रियांवर अविश्वास ठेवणाऱ्यांकडून येत नाही, युद्धाला कंटाळलेल्यांकडून येतो. माणसं मारण्यात बरोबरी मिळवून कोणतं स्वातंत्र्य मिळणार, असं ते विचारतात. पावलिचेन्कोच्या नोंदीतले 309 हे 309 माणसंच होती, हे विसरून तिचं कौतुक करता येणार नाही. पण हा आक्षेप युद्धाला आहे, आणि तो पुरुषांनाही तितकाच लागू पडतो. स्त्रियांसाठी आखलेल्या रेघेनं एकाही स्त्रीला युद्धाबाहेर ठेवलं नाही. नोरा कॅव्हनी आणि त्या 38 वैमानिक त्याच रेघेच्या 'सुरक्षित' बाजूला मेल्या.

भारतात ही रेघ आपण ब्रिटिशांकडून घेतली आणि बराच काळ जपली. 1888 च्या मार्चमध्ये लष्करी रुग्णालयांसाठी दहा ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. आजची लष्करी परिचर्या सेवा आपला आरंभ तिथून मोजते. दुसऱ्या महायुद्धात 1942 साली विमेन्स ऑक्झिलरी कोअर निघालं, त्यात हजारो स्त्रिया टंकलेखन, दूरध्वनी, सांकेतिक संदेश अशी कामं करत होत्या. त्याच काळात सिंगापूरला सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेत राणी झाशी रेजिमेंट उभारली. डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन तिच्या प्रमुख, आणि भरतीत मलायातल्या रबरमळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मुली मोठ्या संख्येनं. त्यांच्यापैकी बहुतेकींनी ज्या देशासाठी बंदूक उचलली, तो कधी पाहिलाही नव्हता. इंफाळची मोहीम फसल्यामुळे रेजिमेंटला आघाडीवर लढण्याची वेळ आली नाही, आणि स्वतंत्र भारताच्या सैन्यात आझाद हिंद सेनेच्या सैनिकांना परत घेतलं गेलं नाही, मग राण्यांचं काय! 1950 च्या लष्करी कायद्याच्या बाराव्या कलमानं तर सरकार अधिसूचित करील ते विभाग सोडून स्त्रियांना भरतीच नाकारली. वैद्यकीय शाखांच्या बाहेर अधिकारी म्हणून दार किलकिलं झालं ते 1992 साली, तेही ठरावीक वर्षांच्या अल्पमुदतीच्या सेवेपुरतं.

अल्पमुदत म्हणजे काय, हे कारगिलनं दाखवलं. 1999 मध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टरमधून युद्धक्षेत्रात उड्डाणं केली, जखमींना आणलं, रसद पोचवली. सक्सेना यांची सेवा 2004 साली संपली, कारण त्यांना कायम नेमणुकीचा मार्गच नव्हता. सर्वोच्च न्यायालयात 2020 साली बबिता पुनिया खटल्यात केंद्राच्या बाजूनं असं मांडलं गेलं, की ग्रामीण भागातून येणारे जवान स्त्रीचं अधिपत्य मानायला मनानं तयार नाहीत. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं हे फेटाळून स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणूक आणि अधिपत्य दोन्ही खुली केली. पण खरी गोम पुढच्या वर्षी, नितीशा खटल्यात उघड झाली. कायम नेमणुकीसाठी जे जुने वार्षिक गोपनीय अहवाल तपासले जात होते, ते या स्त्रियांना पुढे बढती नाहीच, हे गृहीत धरून वरिष्ठांनी लिहिलेले होते. आणि शारीरिक क्षमतेची जी कसोटी पुरुषांना तरुण वयात लावली गेली, तीच या स्त्रियांना चाळिशी-पन्नाशीच्या उंबरठ्यावर लावली जात होती. आधी संधी नाकारायची, मग नोंद अपुरी ठेवायची, आणि शेवटी त्या अपुऱ्या नोंदीलाच अपात्रतेचा पुरावा म्हणायचं. वास्पच्या मोहोरबंद कागदांची आणि मार्शल यांच्या दडपलेल्या निष्कर्षांची हीच जात आहे. न्यायालयानं याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 2022 पासून मुली आल्या, आणि 2025 च्या मेमध्ये पहिल्या 17 जणी बाहेर पडल्या. तीन वर्षं त्या मुलांच्याच मैदानावर, त्यांच्याच वेळापत्रकानं शिकल्या. तोफखाना स्त्रियांना 2023 साली खुला झाला, म्हणजे रिचमंड पार्कमधल्या मुलींना नाकारलेला चाप इथे रीतसर स्त्रियांच्या हाती आला. हवाई दलात 2016 पासून त्या लढाऊ विमानं उडवतात. पायदळ आणि रणगाडा दल मात्र अजून बंद आहे. सियाचिनच्या उंचीवर अभियंता दलातली स्त्री अधिकारी राहू शकते, पण शेजारच्या चौकीवरच्या पायदळाच्या तुकडीत तिची नेमणूक होऊ शकत नाही. हवामान दोन्हीकडे सारखंच, शत्रूची तोफही सारखीच. प्रबोधिनीच्या त्या 17 जणींचे वार्षिक अहवाल पहिल्याच वर्षापासून, पुढे रेजिमेंट हाताखाली घेऊ शकणाऱ्या अधिकाऱ्याचे म्हणून लिहिले जात आहेत का, हे दहा-पंधरा वर्षांनी त्यांच्या बढत्यांच्या मंडळापुढे कागद येतील तेव्हा कळेल.